अकरापैकी अकरा, तरी एक देणं बाकी आहे : ऑस्कर अकॅडमीच्या अभिनेत्यांना खुलं पत्र

प्रति,
अभिनय शाखेचे सर्व सभासद,
अकॅडमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस,
बेव्हर्ली हिल्स, कॅलिफोर्निया

सप्रेम नमस्कार,

सुरुवात आभारांनी करते, कारण ते मनापासून मानायचे आहेत. २९ फेब्रुवारी २००४ च्या रात्री हॉलिवूडच्या कोडॅक थिएटरमध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पाकीट उघडलं, तेव्हा आमच्याकडे १ मार्चची सोमवारची सकाळ सरत आली होती. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द रिटर्न ऑफ द किंग’ला अकरा नामांकनं होती आणि तो अकराव्यांदा जिंकला होता. आम्ही कॉलेजच्या पाच-सहा मैत्रिणी केबलसमोर बसलो होतो. शेवटचं नाव ऐकल्यावर काही जणी ओरडल्या, एक रडायलाच लागली. जगातल्या कितीतरी घरांत त्या वेळी हेच चाललं असणार.

तुमच्यासाठी तो एका चित्रपटाचा विजय असेल, आमच्यासाठी तीन वर्षांच्या वाट पाहण्याचा शेवट होता. हा तीन भागांतल्या कथेचा शेवटचा भाग. पहिल्या भागाला तुम्ही तेरा नामांकनं दिलीत आणि चार पुरस्कार. दुसऱ्याला सहा नामांकनं, दोन पुरस्कार. दोन्ही वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपट दुसराच ठरला. राक्षस, जादूगार, बुटके, बोलणारी झाडं असलेला सिनेमा तिकीटबारीवर चालतो, त्याच्या तांत्रिक करामतींचं कौतुक होतं, पण ‘खऱ्या’ सिनेमांच्या पंगतीत त्याला पाट मिळत नाही, अशी आमची पक्की समजूत झाली होती. तोवरच्या पंचाहत्तर सोहळ्यांत एकाही निखळ फँटसी चित्रपटाला तुम्ही सर्वोच्च पुरस्कार दिला नव्हता. त्या रात्री दिलात, आणि असा दिलात की ‘बेन-हर’ आणि ‘टायटॅनिक’ यांच्या अकरा पुरस्कारांशी बरोबरी झाली. त्या दोघांनाही सगळी नामांकनं पुरस्कारांत बदलता आली नव्हती. पूर्वी ‘जीजी’ आणि ‘द लास्ट एम्परर’ नऊपैकी नऊ जिंकले होते. अकरापैकी अकरा कुणीच जिंकले नव्हते.

त्या रात्री दिग्दर्शक पीटर जॅक्सन आणि त्यांचे सहकारी ऑस्करच्या बाहुल्या घेऊन लॉस एंजेलिसमध्येच चाहत्यांनी भरवलेल्या पार्टीला गेले. आम्हाला हे नंतर वाचून कळलं आणि त्याचं जरासुद्धा नवल वाटलं नाही. या मंडळींनी डीव्हीडीच्या विस्तारित आवृत्त्यांमध्ये चित्रपट संपल्यावर अधिकृत फॅन क्लबच्या सभासदांची नावं दिली आहेत, ती वीसेक मिनिटं पडद्यावरून सरकत राहतात. प्रेक्षकाला इतकं आपलं मानणारी माणसं आम्ही क्वचितच पाहिली होती.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्याकडे येते.

ते अकरा पुरस्कार कुणाला मिळाले ते आठवून पाहा. चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा, संकलन, कला दिग्दर्शन, वेशभूषा, रंगभूषा, ध्वनिमिश्रण, दृश्य परिणाम, पार्श्वसंगीत आणि गीत. निर्मात्या आणि सहलेखिका फ्रॅन वॉल्श एकट्या तीन बाहुल्या घेऊन गेल्या, त्याचा आम्हाला केवढा आनंद! छायालेखक अँड्र्यू लेस्नी यांना त्या वर्षी नामांकनसुद्धा नव्हतं, ही खंत आहेच, पण पहिल्या भागासाठी त्यांना ऑस्कर मिळालं होतं म्हणून ती गिळता येते. अभिनयाचं मात्र काही केल्या गिळता येत नाही. चार विभाग, प्रत्येकी पाच नामांकनं, म्हणजे वीस जागा. त्यांतली एकही या चित्रपटाला नव्हती. तिन्ही भाग मिळून अभिनयाचं एकच नामांकन झालं, ते पहिल्या भागातल्या इयन मॅकेलन यांच्या गँडाल्फ या जादूगाराचं.

म्हणूनच हे पत्र सबंध अकॅडमीला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. अंतिम मतदान सगळे करतात, पण अभिनयाची नामांकनं फक्त अभिनेते ठरवतात आणि तुमची शाखा अकॅडमीतली सर्वांत मोठी आहे. संकलकांनी आपल्या माणसाला ओळखलं, वेशभूषाकारांनी ओळखलं, संगीतकारांनी ओळखलं. तुम्ही तेवढं ओळखलं नाहीत. आणि ऑस्करच्या एकच आठवडा आधी, २२ फेब्रुवारीला, स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड या नटांच्या संघटनेने सर्वोत्कृष्ट कलाकारसंचाचा पुरस्कार याच चित्रपटाला दिला होता. तुमच्यातल्या कित्येकांची नावं दोन्हीकडच्या याद्यांत असतील. संच म्हणून जी माणसं उत्तम ठरली, त्यांच्यातलं एकटं कुणीच वीस जणांत बसण्याइतकं चांगलं नव्हतं, हे आमच्या मनाला कधीच पटलं नाही.

शॉन अ‍ॅस्टिन यांचा सॅम घ्या, कथानायक फ्रोडोचा माळी आणि सोबती. ज्वालामुखीच्या उतारावर फ्रोडोला पुढे पाऊल टाकवत नाही, तेव्हा सॅम त्याला पाठीवर घेतो. त्या क्षणी पडद्यावर दृश्य परिणामांचा डोंगर उभा आहे, आग आहे, धूर आहे, आणि तरी थिएटरात लोक रडतात ते एका दमलेल्या माळ्याच्या चेहऱ्याकडे पाहून. तो चेहरा संगणकाने केलेला नाही. पायांना केसाळ रबरी तळवे लावून आणि डोक्यावर टोप घालून एका नटाने केलेला आहे. फँटसी आणि विज्ञानपटांचा सॅटर्न पुरस्कार त्यांना मिळाला. तुमच्याकडून काही नाही.

आणि गॉलम, अंगठीच्या मोहाने विद्रूप झालेला जीव. गॉलमबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण माझं म्हणणं खरं तर तिथेच आहे.

अँडी सर्किस यांना सुरुवातीला तीनेक आठवड्यांच्या आवाजाच्या कामासाठी बोलावलं होतं. पात्र संगणकावर तयार होणार, नटाने फक्त आवाज द्यायचा, असा बेत. सर्किस यांनी आपल्या मांजराला घशात अडकलेला केसांचा गोळा खोकून काढताना पाहिलं होतं, त्यातून त्यांना तो घशातला आवाज सापडला. पण तो आवाज काढताना त्यांचं सगळं अंग वळत होतं, मान आत जात होती, चेहरा पिळवटत होता. जॅक्सन यांनी ते पाहिलं आणि बेतच बदलला. गॉलमचा चेहरा आधीच आखून झाला होता, तो सर्किस यांच्या चेहऱ्याच्या जवळ जाईल असा नव्याने घडवला गेला. चित्रीकरणात ते अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालून इलायजा वूड आणि शॉन अ‍ॅस्टिन यांच्यासमोर खडकांवर, थंड पाण्यात प्रत्यक्ष रांगले. मग तीच दृश्यं त्यांनी रिकाम्या स्टुडिओत, हालचाली टिपण्यासाठी अंगावर ठिपके लावून, एकट्याने पुन्हा केली. एकाच भूमिकेसाठी इतक्या वेळा इतकं काम त्या वर्षी नामांकन मिळालेल्या किती नटांनी केलं असेल?

तिसऱ्या भागाची सुरुवात आठवा. नदी, दोघे मित्र, गळाला लागलेला मासा, तळाशी सापडलेली अंगठी आणि मग खून. त्या प्रसंगातला स्मीगल (गॉलमचं मूळ रूप) म्हणजे सर्किस स्वतः, स्वतःच्या चेहऱ्याने. पुढच्या काही मिनिटांत रंगभूषा चढत जाते, केस गळतात, दात किडतात, पाठ वाकते आणि शेवटी संगणकाचा गॉलम येतो. यात नट नेमका कुठे संपला आणि चित्र कुठे सुरू झालं, ते मला दाखवा. मी ते दृश्य कितीतरी वेळा पाहिलं, मला तो सांधा सापडत नाही. दिग्दर्शकाने जणू पुरावाच पहिल्या काही मिनिटांत समोर ठेवला होता.

मी मूळची कुडाळची. आमच्या तळकोकणात जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार होतो. त्यात आधी संकासूर येतो. अंगभर काळा वेश, तोंडावर काळा मुखवटा, त्यातून लोंबणारी लाल जीभ. वेशाआडच्या माणसाचा डोळासुद्धा दिसत नाही. तरी तो दोन पावलं चालला, एकदा मान वळवली, मालवणीत एक वाक्य टाकलं की बायाबापड्या सांगतात, आज अमका आहे, गेल्या वर्षीच्यापेक्षा रंगवतोय. दुसऱ्या दिवशी त्या संकासुराचं कौतुक होतं ते त्या माणसाचं होतं. काळं कापड शिवणाऱ्याला कुणी ‘तूच संकासूर केलास’ असं म्हणत नाही. ज्यांनी कधी ऑस्करचं नाव ऐकलं नाही अशा माणसांना चेहरा झाकलेला नट ओळखता येतो. तुमचा तर हा रोजचा धंदा आहे.

तुमचा आक्षेप मला ठाऊक आहे. गॉलमच्या चेहऱ्यावरचे भाव सर्किस यांच्या चेहऱ्यावरून आपोआप उतरले नव्हते. न्यूझीलंडमधल्या वेटा डिजिटलच्या अ‍ॅनिमेटर्सनी त्यांच्याकडे पाहून ते एकेका चौकटीत हाताने घडवले. हे खरं आहे, आणि त्यांचं श्रेय कमी करण्याचा माझा अजिबात हेतू नाही. जो लेटेरी आणि त्यांच्या साथीदारांना लागोपाठ दोन वर्षं ऑस्कर मिळालं, ते योग्यच झालं. पण पडद्यावरचा अभिनय कधी एकट्या नटाचा असतो? कुठला टेक ठेवायचा ते संकलक ठरवतो, डोळ्यांत चमक प्रकाशयोजना आणते, थकवा रंगभूषेने दिसतो. तरी भूमिका ज्याची त्याची असते, आणि हे तुम्ही मान्य करत आला आहात.

आमच्या अगदी घरचं उदाहरण देते. एप्रिल १९८३ मध्ये ‘गांधी’साठी वेशभूषेचं ऑस्कर जॉन मोलो यांच्यासह भानू अथैया यांना मिळालं. भानूताई कोल्हापूरच्या, आणि ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती. पुढे २०१२ मध्ये त्यांनी ती बाहुली नीट जपली जावी म्हणून तुमच्याच स्वाधीन केली, ती तुमच्याकडे आहे. त्याच रात्री बेन किंग्जली सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले. भानूताईंचं धोतर आणि उपरणं, रंगभूषाकारांनी उतरवलेलं वय, हे सगळं अंगावर घेऊन ते गांधीजी झाले होते. कपड्यांनी निम्मा अभिनय केला, तेव्हा नटाला कशाला द्यायचं, असं त्या रात्री कुणीच म्हणालं नाही. ज्यांनी वेश घडवला त्यांचाही मान झाला, ज्याने तो जिवंत केला त्याचाही झाला. २००४ साली मला एवढंच हवं होतं.

इतक्या मागेही जायला नको. ‘रिटर्न ऑफ द किंग’ने अकरा पुरस्कार घेतले त्याच रात्री चार्लीझ थेरॉन ‘मॉन्स्टर’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या. त्या भूमिकेत त्यांचे दात, त्वचा, भुवया सगळं बदललेलं होतं, त्या ओळखूही येत नव्हत्या. तुम्ही त्या थराच्या आत पाहिलंत आणि बाईंना ओळखलंत. रबर आणि रंग यांच्या आतला माणूस तुम्हाला दिसतो, मग पिक्सेलच्या आतला का दिसू नये?

जॅक्सन यांनी शेवटचा पुरस्कार घेताना सभासदांचे आभार मानले होते, ट्रोल, जादूगार आणि हॉबिट यांच्या पलीकडे पाहून फँटसीला दाद दिल्याबद्दल. ते कृतज्ञतेने बोलले, आणि आम्हालाही तेव्हा भरून आलं. पण आम्ही चाहते त्या प्राण्यांच्या पलीकडे कधी पाहत नव्हतो. आम्ही थेट त्यांच्याकडे पाहत होतो. गॉलम पाण्यातल्या आपल्याच प्रतिबिंबाशी भांडतो तेव्हा तिथे ओलांडून जाण्यासारखं काही नाही, जे आहे ते त्याच चेहऱ्यात आहे. फँटसीचा सन्मान करायचा आणि तिच्यातल्या अद्भुत जिवांकडे काणाडोळा करायचा, याने तिला अर्धाच न्याय मिळतो.

पुढे काय झालं तेही लिहायला हवं. सर्किस यांनी २००५ मध्ये किंग काँग केला. नंतर ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ मालिकेतल्या २०११, २०१४ आणि २०१७ च्या तीन वानरपटांत सीझर हा वानर. तोवर तंत्र खूप सुधारलं होतं. डोक्यावर बसवलेला छोटा कॅमेरा चेहऱ्यावरची प्रत्येक हालचाल टिपत होता आणि ते जंगलात, पावसात, बर्फात इतर नटांसमोर उभे राहून काम करत होते. सीझर लहानाचा मोठा होतो, बोलायला शिकतो, नेता होतो, सूडाने पेटतो, थकतो. तीन चित्रपटांत पसरलेली इतकी सलग व्यक्तिरेखा त्या दशकात फार नटांच्या वाट्याला आली नाही. स्टुडिओने २०११ साली त्यांच्यासाठी प्रचारही केला. तिन्ही चित्रपटांना दृश्य परिणामांचं नामांकन मिळालं, अभिनयाचं एकदाही नाही.

काही चाहते म्हणतात, वेगळा विभाग काढा, ‘डिजिटल अभिनय’ असा. मला ते पटत नाही. समीक्षकांच्या आणि टीव्ही वाहिन्यांच्या पुरस्कारांत २००३ साली गॉलमसाठी असे खास विभाग निघालेच होते, आणि त्याने फक्त एवढंच सांगितलं की हा अभिनय निराळ्या जातीचा. तुमच्याकडे २००१ च्या चित्रपटांपासून अ‍ॅनिमेशनपटांना स्वतंत्र विभाग मिळाला, तेव्हापासून मुख्य पुरस्काराच्या यादीत त्यांची नावं अगदी तुरळक दिसतात. आम्हाला वेगळी चूल नको. आहे त्याच वीस जागांमध्ये तोललं जाण्याचा हक्क हवा.

हे लिहिण्याची वेळ आत्ताच का आली, तेही सांगते. २०२३ साली तुमच्यातले हजारो जण ११८ दिवस संपावर होते. तुमचा चेहरा, तुमचं शरीर संगणकात साठवून तुमच्याशिवाय वापरलं जाईल, ही त्या संपामागची एक मोठी भीती होती, आणि ती अगदी खरी आहे. एप्रिल २०२५ मध्ये अकॅडमीने नियम केला की कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर झाला म्हणून कुणाचं नामांकन बनणार नाही की बिघडणार नाही. निर्मितीच्या गाभ्याशी माणूस किती आहे, ते पाहून प्रत्येक शाखा निर्णय घेईल. मग गाभ्याशी माणूस असल्याचं गॉलम आणि सीझरपेक्षा स्पष्ट उदाहरण कुठलं आहे? डिजिटल कातडीखालचा नट हा नटच आहे, हे तुम्ही मतपत्रिकेवर मान्य केलंत, तर उद्या एखादी कंपनी ‘हे पात्र संगणकाने केलं, नट कुणी नाहीच’ असं म्हणू लागली की तिला दाखवायला तुमच्या हातात काहीतरी असेल. माझी मागणी आमच्या हौसेपुरती नाही, तुमच्या पोटापाण्याशीही तिचा संबंध आहे.

पत्र लिहून काय होणार, असं माझी मैत्रीण विचारते. तिला मी १९८० च्या ‘द एलिफंट मॅन’ची गोष्ट सांगितली. जॉन हर्ट यांनी चेहऱ्यावर आणि डोक्यावर जड थर चढवून ती भूमिका केली, आणि तुमच्या शाखेने त्यांना मुख्य अभिनेत्याचं नामांकन दिलं. म्हणजे तेव्हा तुम्हाला आतला माणूस दिसला होता! राहिला तो रंगभूषाकार, कारण तेव्हा रंगभूषेला कायमचा विभागच नव्हता. लोकांनी निषेधाची पत्रं लिहिली. त्या वर्षी काही झालं नाही, पण पुढच्याच वर्षीपासून रंगभूषेचा पुरस्कार सुरू झाला. विभाग नसतानाही मानाची तऱ्हा तुम्हाला माहीत होती, ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’च्या रंगभूषेसाठी जॉन चेंबर्स यांना १९६९ मध्ये तुम्ही विशेष ऑस्कर दिलं होतं. आताही तुम्ही बदलत आहातच. २०२५ च्या चित्रपटांपासून कास्टिंगचा पुरस्कार आला, २०२७ च्या चित्रपटांपासून स्टंट डिझाइनचा येतो आहे.

तेव्हा माझी विनंती अशी. दृश्य परिणामांची शाखा नामांकनं ठरवण्याआधी निवडक चित्रपटांच्या लोकांना बोलावते आणि काम कसं झालं ते पडद्यावर दाखवायला लावते. अभिनय शाखेनेही तसंच करावं. परफॉर्मन्स कॅप्चरच्या, म्हणजे नटाच्या हालचाली आणि भाव टिपून त्यांवरून संगणकात घडवलेल्या, भूमिकांसाठी दरवर्षी एक संध्याकाळ ठेवा, आणि त्यात तयार दृश्याच्या शेजारी नटाचं मूळ चित्रीकरण दाखवा. ठिपके लावलेला चेहरा, घट्ट पोशाख आणि त्यातला माणूस. ते पाहून तुम्हाला वाटलं की हा अभिनय वीस जणांत बसत नाही, तर बसवू नका, आमची तक्रार राहणार नाही. आज न पाहताच ठरतं, ते आम्हाला सलतं.

दुसरं मागणं अँडी सर्किस यांच्यासाठी. मानद ऑस्कर कुणाला द्यायचं ते गव्हर्नर मंडळ ठरवतं, आणि त्या मंडळावर तुमच्या शाखेचे प्रतिनिधी बसतात. त्यांनी सर्किस यांचं नाव मांडावं. २०२८ मध्ये ऑस्करचा शंभरावा सोहळा आहे. त्याच्या आधीच्या मानद पुरस्कारांत हे नाव यावं, असं आम्हा चाहत्यांना फार वाटतं. गॉलम तेव्हा पंचवीस वर्षांहून मोठा झालेला असेल. आमच्या घरात त्या वेळी जन्मलाही नव्हता असा माझा भाचा त्याच्या आवाजात ‘माय प्रेशस’ म्हणतो, आणि तो आवाज मुळात कुणाचा आहे हे त्याला नावानिशी माहीत आहे.

लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
कुडाळची एक चाहती